हबमध्ये जखडलेला एक्सल घरी कसा काढावा

ऑल्टो, वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जोर नेणारा दांडा) दोन ठिकाणी धरून असतो: बाहेर हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) दात्यांत आणि आत गिअरबॉक्समध्ये सर्क्लिपवर (खाचेत बसणारी तारेची रिंग). आतला सहसा ऐकतो. झटापट होते ती हबशी, त्यातून गाडी कोकणच्या खाऱ्या हवेतली असेल तर विचारूच नका.

आदल्या रात्री हबबाहेर एक्सलच्या टोकावर असलेल्या नटाभोवती गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती आधी छिन्नीने उचला, नाहीतर आटे जातात. चाक जमिनीवर असतानाच, कुणालातरी ब्रेक दाबायला सांगून, ३० किंवा ३२ मिमी सॉकेटला लांब पाइप लावून नट जरासा सैल करा. मग गाडी उचलून स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), चाक काढा, गिअर ऑइल भांड्यात उतरवा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) सोडून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

आता एक्सल हबमधून हलवायचा, तोही बॉल जॉइंट (हबला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) सोडण्याआधी. हब घट्ट धरलेला असतो तोवरच ठोका लागू पडतो, मोकळा झाला की सगळा मार झोल्यात जातो. नट उलटा फिरवून टोकाशी सपाट आणा, वर पितळी पंच ठेवून हातोडा मारा. थेट एक्सलवर मारलंत तर टोक पसरतं आणि ते हबमधून कधीच जात नाही. पाच-सहा ठोक्यांत हलला नाही तर थांबा. चाकाच्या बोल्टांना बसणारा पुलर (स्क्रूने एक्सल आत ढकलणारं अवजार) लावा, ताण द्या, पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक सणसणीत ठोका द्या. नसेल सुटत तर ताण तसाच ठेवून तासाभराने पुन्हा या. गॅसने तापवू नका; बेअरिंगचं ग्रीस आणि सील जळतात.

सुटला की बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट पूर्ण काढा. तो पिनच्या खाचेतून जातो, सैल करून भागत नाही. आर्म खाली दाबून हब बाहेर ओढा. आतल्या बाजूला एक्सलचा दांडा धरून ओढलात तर त्याचा आतला जॉइंटच उकलतो. गिअरबॉक्स आणि त्या जॉइंटचा कप (बाहेरचं कवच) यांत टॉमी (लोखंडी पहार) घालून झटका द्या. दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नका, काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर जागा सोडतात.

नवा एक्सल जुन्याशेजारी ठेवून लांबी, दाते आणि एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची रिंग मोजून बघा. डावा-उजवा वेगळा असतो. गिअरबॉक्सचं ऑइल सील (एक्सलभोवती ऑइल अडवणारी रिंग) याच वेळी बदला. सर्क्लिप नवीच, आणि ती ‘टक्’ करून बसली की कप हाताने ओढून खात्री करा. हबचे दाते तारेच्या ब्रशने साफ करून पातळ ग्रीस लावा. नट नवा घ्या. तो चाक जमिनीला टेकवण्याआधीच, ब्रेक दाबून, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा (छोट्या मारुतींना साधारण १७५ न्यूटन मीटर) आणि कड खाचेत ठोका. एक्सल न आवळता गाडीचं वजन हबवर आलं की बेअरिंग बिघडतं, म्हणून एक्सलविना ती ढकलायचीही नाही.

शेवटी गिअर ऑइल भरण्याच्या भोकातून निथळेपर्यंत ओता. दुसऱ्या दिवशी सीलखाली पुठ्ठा ठेवून थेंब पडतो का ते पाहा.