सेकंडहँड गाडीचा चेक इंजिन लाइट: कोड वाचा, पण लगेच पार्ट बदलू नका

स्कॅनरने दाखवलेला कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव, असा समज फार पसरलेला आहे. त्यापायी धडधाकट सेन्सर काढून टाकले जातात, हजारो रुपये जातात आणि चार दिवसांनी तोच पिवळा दिवा पुन्हा पेटतो. खरं तर गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, भाग दिसतच नाहीत, त्याला दिसतात ते तारांतून येणारे व्होल्ट. ते अपेक्षेबाहेर गेले की तो तक्रार नोंदवतो. तक्रारीचं कारण शोधायचं काम आपलं, नाहीतर आपल्या मेकॅनिकचं. सेकंडहँड गाडीत तर आधीच्या मालकाने काय जोडलं नि काय तोडलं याचाही पत्ता नसतो, म्हणून घाई अजिबात नको.

काय लागेल

ईसीयूतले कोड वाचणारा एक ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, मोबाइलवर त्याचं अ‍ॅप आणि एक साधा मल्टिमीटर. सगळं मिळून दीडदोन हजारांत होतं. आयफोन असेल तर त्यावर चालणारा स्कॅनर आहे ना, ते विचारूनच घ्या. स्कॅनर लावायचा सोळा पिनांचा सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर असतो. आपल्या देशात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत अडचण येऊ नये. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट असतो, पण साधा स्कॅनर बोलत नाही.

पहिली पायरी: दिवा कसा पेटतो ते बघा

पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं, जोरात आहे. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेतं आणि तो महागडा भाग वितळू लागतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद. त्याला स्कॅनरची वाट बघू नका.

गाडी विकत घेण्यापूर्वी असाल तर

ही पायरी सगळ्यात मोलाची आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा पेटलाच पाहिजे. सुरू केल्यावर तो विझला पाहिजे. चावी ऑन करूनही पेटत नसेल तर कुणीतरी दिवाच बंद केलेला असण्याची शक्यता आहे, आणि अशा गाडीपासून मी लांब राहीन.

दिवा ठीक वाटला तरी समाधान मानू नका. विक्रीच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. ते पकडायला अ‍ॅपमध्ये दोन जागा बघा. एक म्हणजे ‘रेडिनेस मॉनिटर’. कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या शून्यावर येतात आणि बरंच चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर नुकतंच काहीतरी पुसलंय, किंवा बॅटरी काढली होती. दुसरी जागा म्हणजे ‘कोड पुसल्यापासून अंतर’. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हा आकडा बारा किलोमीटर असेल, तर मालकाला सरळ विचारा की काय दुरुस्त केलं आणि बिल कुठे आहे.

मग टेस्ट ड्राइव्ह घ्या, तीही चढणीवर. पणजीहून मांडवी पूल ओलांडून पर्वरीची चढण, किंवा फोंड्याकडे असाल तर फर्मागुढी. वरच्या गिअरमध्ये इंजिनावर जोर पडला की अशक्त कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) लपत नाही. परतल्यावर ‘पेंडिंग’ कोड वाचा. दिवा पेटण्याआधीची तक्रार तिथे आलेली असते.

गोव्यात अजून एक तपास कराच. आरसी बुकात गाडी पूर्वी रेंट-अ-कॅबची, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची होती का ते बघा. तशी गाडी वाईटच असते असं नाही. पण तिच्यावर खूप जणांचे हात फिरलेले असतात आणि किनाऱ्याची वाळू, खारा वारा तिने जास्त सोसलेला असतो. तिच्या अर्थिंगच्या (बॉडीला जोडलेल्या तारांच्या) जागा आणि कपलर, म्हणजे तारांचे जोड, नीट तपासायचे.

कोड उतरवून घ्या, पुसू नका

प्रत्येक कोड कागदावर लिहा किंवा स्क्रीनशॉट काढा. त्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही जपून ठेवा. तक्रार झाली त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन गरम की थंड, वेग किती, हे त्यात असतं. कोड पुसला की तीही जाते. मेकॅनिककडे गाडी नेताना ही माहिती हातात असली तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

कोड वाचणं सोपं आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचा आकडा शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन, ४ म्हणजे धुराचं नियंत्रण, ७ म्हणजे गिअरबॉक्स.

एकदम सातआठ कोड आले तर घाबरू नका, आधी बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. व्होल्ट पडले की सगळेच सेन्सर खोटं बोलू लागतात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल नि बॉडीला लावलेली अर्थिंगची तार घासून घट्ट करा.

मग बॉनेट उघडा, आणि डोळ्यांनी शोधा

पावसाळ्यानंतर आपल्याकडे निम्मं काम इथेच होतं असं माझं मत आहे. कपलर काढून आतल्या पिना बघा, हिरवट बुरशीसारखा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवा. दुसरा शत्रू उंदीर. पावसात शेत भरलं की ते बॉनेटखालच्या उबेला येतात.

साखळीच्या एका नातेवाइकाच्या गाडीत चतुर्थीच्या सुमारास पी०११३ आला होता. आत येणाऱ्या हवेच्या तापमानाची ही तक्रार. एका गॅरेजने नवा सेन्सर बसवला, दिवा पुन्हा लागला. अ‍ॅपच्या लाइव्ह डेटात (त्या क्षणी सेन्सरकडून येणाऱ्या आकड्यांत) हवेचं तापमान उणे ४० अंश दिसत होतं. साखळीत उणे ४०! हा आकडा म्हणजे तार तुटल्याची सरळ खूण. दोन तारांच्या सेन्सरचा कपलर काढून दोन्ही पिनांना एक छोटी तार जोडायची. आकडा एकदम शंभराच्या वर उडाला तर वायरिंग चांगलं, सेन्सर गेलेला. उणे ४० वरच राहिला तर वायरिंग तुटलेलं. इथे तो हलला नाही. तार धरत मागे गेल्यावर एअर फिल्टरच्या डब्यामागे कुरतडलेली जागा सापडली. तांब्याचे दोन केस तेवढे शिल्लक होते. सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह घातली आणि गाडी ठीक झाली. ही चाचणी फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करायची, इतर सेन्सरवर नाही.

तापमानाचे सेन्सर तपासायची बिनखर्चाची वेळ म्हणजे पहाट. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन केली की कूलंट आणि हवा दोन्हींचं तापमान बाहेरच्याइतकंच, जवळजवळ सारखं दिसायला हवं. एक २७ आणि दुसरं ५५ असेल तर कोणाला पकडायचं ते कळलं.

नेहमी भेटणारे कोड

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचा मिसफायर. पी०३०२ आला तर नवीन कॉइल मागवू नका. इंजिन थंड होऊ द्या, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. बहुधा दहा नंबरच्या पान्याचं काम आहे. कोड पुसून चालवा. पी०३०३ आला तर कॉइलच दोषी. पी०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. कॉइल काढल्यावर खोबणीत ऑइल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट गळतंय. पाणी दिसलं तर गाडी धुताना बॉनेटखाली प्रेशर मारलेला असतो.

पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. लाइव्ह डेटात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते बघा. दहा टक्क्यांच्या आत ठीक. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, जागेवर) हा आकडा खूप चढलेला आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठलातरी रबरी पाइप चिरलाय. उलट जोर दिल्यावर चढत असेल तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय, पंप किंवा फिल्टर बघा. लहान गाड्यांत पुष्कळदा त्याऐवजी हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे पाइप चिरला की आयडल आरपीएम वाढतो.

पी०४२० वर कन्व्हर्टर बदलायला सांगतात आणि तो खर्च मोठा असतो. आधी मिसफायरचा कोड नाही ना, आणि सायलेन्सरच्या जोडात कुठे फुसफुस नाही ना ते बघा. मग गरम इंजिनावर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा पाहा. तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत असेल तर कन्व्हर्टर काम करतोय. ०.१ ते ०.९ असा सतत वरखाली नाचत असेल तरच तो संपलाय.

डिझेल गाडीत पी०४०१ म्हणजे बहुधा काजळीने तुंबलेला ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. तो आधी साफ करून घ्या. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी रोज फक्त बाजारापर्यंत चालत असेल तर तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करू शकत नाही. तिला अधूनमधून हायवेवर एकसारख्या वेगात अर्धा तास न्यावं लागतं. तुमची ये-जा म्हापशातल्या म्हापशात असेल तर तशी सेकंडहँड डिझेल गाडी घेऊच नका.

काम झाल्यावर

आता कोड पुसा. स्कॅनर सॉकेटातून काढा, लावून ठेवला तर बॅटरी उतरवतो. दोनतीन दिवस शहरात आणि हायवेवर, सकाळच्या थंड स्टार्टसकट गाडी चालवा आणि पुन्हा जोडून बघा. मॉनिटर पूर्ण झालेले आणि पेंडिंग काही नाही, एवढं दिसेपर्यंत गॅरेजवाल्याकडून जुना काढलेला पार्ट मागून जवळ ठेवा.