कडक वाळलेल्या गव्हालाही खापरा लागतो: साठवणीआधीचा सल्ला

रब्बीचा गहू, ज्वारी आता कोठीत भरायची वेळ. दाणा दाताखाली कडकन फुटला की किडीची काळजी मिटली, असा आपला हिशेब असतो. सोंड्यांपुरता तो बरोबर आहे. ओलावा १० टक्क्यांच्या खाली गेला की त्यांची वाढ खुंटते. खापरा भुंगेऱ्याला मात्र कोरड्या दाण्याचं वावडं नाही. अगदी २ टक्के ओलाव्याच्या धान्यातही त्याची अळी तग धरते, आणि ३३ ते ३७ अंश तापमान तिला सर्वांत मानवतं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातला उन्हाळा तिच्या सोयीचाच. कोकणातल्या दमट हवेत तिचा त्रास कमी.

घोंगडी आणि लोकरीचे कपडे कुरतडणारे भुंगेरे याच कुळातले. दोन्हीकडे नासधूस करते ती केसाळ अळी. घोंगडीतली अळी लोकर, केस, पिसं, मेलेले किडे खाते. तिचा भुंगेरा उडून फुलांवर परागकण खायला जातो, म्हणून तो खिडकीपाशी सापडतो. खापऱ्याचा भुंगेरा २-३ मिलिमीटरचा, तपकिरी. पंख असून उडत नाही आणि खातही जवळजवळ नाही. म्हणजे तो तुमच्या घरी येतो तो जुन्या गोणपाटातून, पेंडीच्या पोत्यातून किंवा उसन्या आणलेल्या धान्यातून.

अळी आधी दाण्याचा कोंब खाते, मग आतलं पीठ पोखरून टरफल तेवढं ठेवते. त्यामुळे बियाण्याची उगवण वजन घटण्याआधीच जाते. खाणं बहुतेक वरच्या फूटभर थरात चालतं, आणि तिथेच तिच्या केसाळ काती साचतात. दाण्याला गोल भोक दिसलं तर बहुधा सोंडे. वर तपकिरी कातींचा थर दिसला तर खापरा. काती धान्याबरोबर दळून खाऊ नयेत, त्यांच्या केसांनी घसा आणि पोट बिघडतं.

खापरा हटत नाही याचं कारण वेगळंच आहे. गर्दी झाली, अन्न संपलं किंवा थंडी पडली की अळ्या भिंतीच्या भेगांत, लाकडी फळ्यांच्या सांध्यांत, पोत्याच्या शिवणीत जाऊन सुस्त पडतात. अशा अळ्या न खाता महिनोन् महिने, कधी काही वर्षंही जगतात. त्यांचा श्वास मंद असल्याने धुरीचा वायूही कमी बाधतो. गेल्या वर्षी कोठी रिकामी होती म्हणून ती स्वच्छ आहे, असं धरून चालू नका.

म्हणून धान्याआधी जागा. खोली झाडून कचरा, सांडलेले दाणे जाळा; उकिरड्यावर टाकू नका. भेगा सिमेंटने बुजवा. मग मॅलॅथिऑन ५० टक्के प्रवाही, १ लिटर पाण्यात १० मिलि मिसळून, फक्त रिकाम्या खोलीच्या भिंती, जमीन आणि छतावर फवारा. १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण लागतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीला साधारण २ लिटर. धान्यावर किंवा भरलेल्या पोत्यावर हे औषध मारायचं नाही. हातमोजे, तोंडाला फडकं हवंच.

जुनी पोती उलटी करून झटका, १५ मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवा आणि कडक उन्हात वाळवा. नुसतं ऊन दाखवून शिवणीतली अळी मरत नाही.

कीड लागलेलं खाण्याचं धान्य आधी चाळून घ्या. काळ्या प्लास्टिकवर २-३ सेंटिमीटर थर पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा मातीने दाबा. ६० अंश तापमान अर्धा तास टिकलं तर अंड्यांपासून भुंगेऱ्यापर्यंत सगळं मरतं. थर जाड झाला की खालचा दाणा तापत नाही आणि अळ्या तिथे उतरतात. बहुतेकांचं इथेच चुकतं. गार झाल्यावरच भरा, नाहीतर कोठीत पाणी सुटतं. बियाणं असं झाकून तापवू नका.

कडुलिंबाचा पाला घालायचाच तर सावलीत पूर्ण वाळलेला घाला. ओला पाला बुरशी आणतो, आणि भेगेतल्या अळीला त्याचं काही होत नाही. धुरीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांचा वायू माणसाला मारतो. ते काम परवानाधारकाचं.

पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचा. दर पंधरवड्याला वरचा थर हाताने उकरून बघा, आणि पोत्याचे कान व शिवणीही.