गरोदरपणात जुनी कंबरदुखी बळावली तर

पोट वाढलं की शरीराचा तोल पुढे जातो, सांध्यांचे बंध सैलावतात. म्हणून जुनी कंबर पुन्हा बोलू लागते. कुशीवर झोपा. गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत लांब उशी, पोटाखाली पातळ उशी. फक्त गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळते.

सकाळी हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर गोल करा, 5 सेकंद थांबा, सरळ करा, 10 वेळा. सरळ करताना पाठ खाली झुकू देऊ नका.

रोज मडगाव-पणजी बसने जात असाल तर मागची सीट टाळाच, तिथे हादरे जास्त.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यांचं मलमही नको. 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांना धोका असतो.

रक्तस्राव, ताप, पाय बधिर होणं किंवा 37 आठवड्यांआधी ठरावीक अंतराने कळा, यातलं काहीही झाल्यास लगेच 108.