कुरणावरची जनावरे आणि ऋतूंचा हिशेब : या चुका टाळा

कुरणावर जनावरे पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला आज जी अडचण दिसते, तिचे मूळ बहुधा मागच्या ऋतूत असते. म्हणून औषध शोधण्याआधी दोन-तीन महिने मागे जाऊन पाहावे.

सर्वांत महागात पडते ती पहिल्या हिरवळीवरची घाई. साठवलेली वैरण संपत आलेली असते, जनावरे कुंपणाशी हंबरत उभी असतात आणि चार बोटे गवत दिसताच फाटक उघडले जाते. त्या काळात गवत मुळांत व बुडख्यात साठवलेल्या अन्नावर फुटत असते. पाने पुरेशी वाढण्याआधीच ओरबाडली गेली की उरलासुरला साठाही खर्ची पडतो आणि पूर्ण हंगामभर ते कुरण खुरटेच राहते. गवताच्या जातीप्रमाणे फरक पडतो, पण साधारणपणे 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर जनावरे सोडावीत आणि 8 ते 10 सेंटिमीटर उरताच कुरणाच्या पुढच्या कप्प्यात (कुंपणाने पाडलेल्या भागात) न्यावीत.

शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत या उंचीला आणखी एक अर्थ आहे. जंतांच्या बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या 5 सेंटिमीटरमध्ये असतात, त्यामुळे कुरण खरडून खाणारा कळप गवताबरोबर जंतही खातो. उबदार, ओलसर दिवसांत रक्तशोषक जंत झपाट्याने वाढतात आणि घाबरून दर महिन्याला सगळ्या कळपाला जंतनाशक पाजले जाते. माझ्या मते ही घाईइतकीच मोठी चूक आहे, कारण त्यातून औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात. त्याऐवजी प्रत्येक शेळीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून पाहावी. आतली कड लालसर असेल तर तिला सोडून द्यावे. ती फिकट, पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली मऊ सूज आली असेल, तर तिलाच वजन करून पूर्ण मात्रा द्यावी. गवताला पुरणारी तीन-चार आठवड्यांची विश्रांती अळ्या मरायला मात्र पुरत नाही, म्हणून मधल्या फेरीत त्या कप्प्यात मोठी गुरे चारावीत. शेळ्या-मेंढ्यांचे बहुतेक जंत गुरांच्या पोटात टिकत नाहीत.

वाळल्या वैरणीवरून हिरव्या चाऱ्यावर जाताना दोन आठवडे घ्यावेत आणि सकाळी थोडी वाळली वैरण खाऊ घातल्याशिवाय दवाने भिजलेल्या द्विदल चाऱ्यात (लसूणघास, बरसीम) जनावर सोडू नये, नाहीतर पोट फुगते. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खोलगट भाग) ढोलासारखी फुगली तर पशुवैद्यकाला तत्काळ बोलवावे.

बोकड वर्षभर कळपातच ठेवला की करडे कोणत्याही ऋतूत जन्मतात. शेळी-मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो, आणि गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. ते आठवडे टंचाईत आले तर पिल्ले अशक्त निपजतात आणि आईला दूधही कमी येते. कुरण केव्हा भरते ते ठरवून तिथून पाच महिने मागे मोजावे आणि बोकड तेव्हाच कळपात सोडावा.

वैरणीचा हिशेबही गवत हिरवे असतानाच करावा. 400 किलोच्या गाईला रोज सुमारे 10 किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे 120 दिवसांच्या टंचाईसाठी 12 क्विंटल. साठा तेवढा होत नसेल, तर जनावर अंगाने भरलेले असतानाच संख्या कमी करावी. हाडे दिसू लागल्यावर त्याची किंमतही येत नाही आणि तोवर त्याने इतरांच्या वाट्याची वैरणही खाल्लेली असते.