आधुनिक जगाच्या इतिहासाचा पेपर: अभ्यासाला सुरुवात कशी करावी

बी.ए.ला आधुनिक जगाचा इतिहास घेतला की बहुतेकजण एकेक प्रकरण सुटं पाठ करतात. फ्रेंच राज्यक्रांती झाली, पहिलं महायुद्ध झालं, मग हिटलर. पण ‘हे का घडलं?’ असा प्रश्न आला की पेन अडतं, कारण दोन प्रकरणांच्या मधली वर्षं वाचलेलीच नसतात. म्हणून नोट्स काढायच्या आधी कालपट्टी करा.

मोठा चार्टपेपर आडवा घ्या. १ सेंमीला ५ वर्षं धरली की १७५० ते २००० हा काळ ५० सेंमीत बसतो. ८-८ सेंमी उंचीच्या सहा ओळी आखा: युरोप, अमेरिका, आफ्रिका, पश्चिम आशिया, पूर्व आशिया, भारत. १९१४ ते १९४५ मध्ये लगेच दाटी होते. तेवढ्यासाठी १ सेंमीला १ वर्ष धरून वेगळी पट्टी काढा. पेन्सिलीनेच लिहा, खाडाखोड होणारच.

भारताची ओळ भरायला ठाणेकरांना लांब जायला नको. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचा मध्यवर्ती तुरुंग, मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला आणि डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. पाठोपाठ पेटलेलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७८२ पर्यंत चाललं. आता अमेरिकेच्या ओळीत पाहा: स्वातंत्र्ययुद्ध, १७७५ ते १७८३. इंग्रज एकाच वेळी दोन्हीकडे गुंतलेले होते, हे पुस्तकाच्या दोन वेगळ्या पानांवर दिसत नाही, पट्टीवर दिसतं. तसंच १८६१ ते १८६५: अमेरिकेतल्या यादवीत उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव चढले आणि यादवी संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. अशा घटनांना लाल पेन्सिलीने उभ्या रेघेने जोडा.

पट्टी झाली की कारणं तपासायची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उदाहरणार्थ, ‘व्हर्सायच्या अपमानकारक तहामुळे हिटलर सत्तेवर आला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गाईडमध्ये असतं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला हा तह २८ जून १९१९ चा, हिटलर चान्सलर (जर्मन सरकारचा प्रमुख) झाला ३० जानेवारी १९३३ ला. मधल्या साडेतेरा वर्षांचं काय? मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला फक्त १२ जागा आणि २.६ टक्के मतं होती. सप्टेंबर १९३० मध्ये १०७ जागा झाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. म्हणजे तह तोच, पण १९२८ नंतर काहीतरी बदललं. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, जर्मनीला मिळणारी अमेरिकी कर्जं आटली, बेकारी वाढली. तहाचा राग आधीपासून होताच, मंदीने त्याला मतदार मिळवून दिले. १९२३ ची भयंकर चलनवाढ आणि १९२९ नंतरची मंदी यांची गल्लत तर सर्रास होते. त्या दोन वेगळ्या आपत्ती आहेत आणि नाझी मतं वाढली ती दुसरीनंतर. प्रत्येक कारणापुढे स्वतःला विचारा: हे कारण आधीही होतं का? मग घटना तेव्हाच का घडली?

मूळ कागद थोडासा तरी वाचाच. व्हर्सायच्या तहात ४४० कलमं आहेत, पण २३१ ते २३५ एवढीच वाचली तरी पुरे. २३१ मध्ये जर्मनीवर नुकसानीची जबाबदारी आहे, २३२ मध्ये जर्मनी सगळं फेडू शकणार नाही हेही मान्य केलेलं आहे आणि २३३ मध्ये रक्कम ठरवायचं काम आयोगाकडे सोपवलेलं आहे. भरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्क (मार्क म्हणजे जर्मन चलन) हा आकडा १९२१ चा आहे; तो तहातच होता असं लिहिलंत तर चूक.

कोरे नकाशे १९१४, १९१९ नंतरचा आणि १९४५ नंतरचा असे तीन भरा. १९२९ पर्यंत युगोस्लाव्हियाचं नाव सर्ब, क्रोट आणि स्लोव्हेन यांचं राज्य असं होतं. रशियाच्या तारखांपुढे दिनदर्शिका लिहा: ‘ऑक्टोबर’ क्रांती जुन्या रशियन गणनेने २५ ऑक्टोबर १९१७, आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर. ही क्रांती जिथे झाली त्या शहराचं नावही तेव्हा सेंट पीटर्सबर्ग नव्हे, पेट्रोग्राड.

ठाण्यात मराठी पुस्तकांसाठी १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. एका विषयावर दोन पुस्तकं समोर ठेवा आणि त्यांची कारणं कुठे वेगळी पडतात तेवढंच वहीत उतरवा.

पेपरात दोन तासांत चार प्रश्न असतील तर प्रत्येकी २५ मिनिटं, उरलेली २० वाचायला आणि तपासायला. पहिल्या दोन ओळींत थेट उत्तर द्या, मग प्रत्येक परिच्छेदात एकच कारण आणि त्याला निदान एक तारीख किंवा आकडा. शेवटच्या तपासणीत फक्त सनावळी पाहा.