राउटर भिंतीवर लावताय? आधी प्लग बघा

वायफायचा माणूस ड्रिल घेऊन आला की आपण हमखास दाराजवळचा कोपरा दाखवतो, कारण केबल तिथूनच आत येते. पण तिथे प्लग नसतो. मग एक्स्टेंशन बोर्ड लोंबतो आणि कुणाचा तरी पाय त्यात अडकतो. अडॅप्टरची वायर साधारण एक-दीड मीटरचीच असते, म्हणून आधी सॉकेट ठरवा, मग भोक पाडा.

जागा शक्यतो घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर घ्या. गोदरेजचं लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज यांच्यामागे नको. धातू सिग्नल अडवतो. मायक्रोवेव्हही लांब बरा, तोही वायफायसारखाच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो, म्हणून सिग्नलमध्ये अडथळा येतो. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर खिळ्याला करकचून वळवू नका, आत काच असते.

लाइट जाते तिथे इन्व्हर्टर नसेल तर छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटरला थेट वीज देणारा बॅटरीचा डबा, घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ वर. अडॅप्टरवरचं ‘आउटपुट’ वाचा: यूपीएसचे व्होल्ट त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनची जाडी आणि प्लस-मायनसचं चिन्हही बघा. फायबरचा डबा (ज्यात ती बारीक वायर येऊन जोडली जाते) आणि राउटर वेगवेगळे असतील तर यूपीएस दोघांनाही लागतो. नुसता राउटर जिवंत ठेवलात तर वायफायचं चिन्ह दिसेल, इंटरनेट नाही. आमच्याकडे हे कळायला दोन आठवडे गेले!