नदीकाठच्या गावात पूर्वज शोधताय? या चुका टाळा

बहुतेक जण आडनाव धरून निघतात आणि तिथंच फसतात. कुलकर्णी, पाटील, देशपांडे ही आडनावं वतनावरून पडलेली. एकाच गावातली दोन कुलकर्णी घराणी एकमेकांची कुणीही नसू शकतात. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. महादेव विठ्ठल, त्याचा मुलगा विठ्ठल महादेव, त्याचा पुन्हा महादेव विठ्ठल. पहिला आणि तिसरा एकच समजलात की वंशावळीतून दोन पिढ्या गळाल्या.

यावर उतारा म्हणजे शेजारी. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस तमक्याचा वाडा, उत्तरेस नदी. लोक एवढा मजकूर सोडून थेट सह्यांकडे वळतात. खरं तर दोन महादेव वेगळे काढायचे तर इथंच पाहावं. एकाच्या खतात शेजारी म्हणून एक माणूस आहे, दुसऱ्याच्या खतात त्याच माणसाचा नातू, मग शंका कसली? शेजाऱ्यांची खतंही मागवा. त्यांच्या चतुःसीमेत तुमचं घर कुणाच्या नावानं आलंय ते कळतं, आणि घरचा कागद नसेल तर तेवढाच आधार उरतो. साक्षीदार टिपून ठेवा. साक्षीला बरेचदा भावकीतले नाहीतर शेजारचेच असत.

नदीच्या बाजूवर मात्र फार विसंबू नका. पात्र सरकतं, एका काठाला मळई साचते, दुसरा खचतो. ‘उत्तरेस नदी’ लिहिलेली जागा आज काठापासून लांब असेल म्हणून खत बाजूला टाकू नका, उरलेल्या तीन बाजू जुळवा.

‘पुरात सगळं गेलं’ हे तर प्रत्येक घरात ऐकू येतं. गेली ती घरातली प्रत. दस्त नोंदवलेला असेल तर त्याची नक्कल नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात उतरवलेली असते. 1908 च्या नोंदणी कायद्यानं सूची क्रमांक 1 माणसांच्या नावांची आणि 2 मिळकतींची. सगळे सवयीनं ‘इंडेक्स टू’ मागतात. हातात फक्त नाव असेल तर पहिली मागा.

जन्माची नोंद गावात मिळत नसेल तर पणजीचं माहेर शोधा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंदही तिकडेच. बाळाचं नाव कोरं असू शकतं, म्हणून बापाच्या नावावरून चाळा.

सनांची गफलत मोडी कागदांत हमखास होते. शकात 78 मिळवा, पण वर्षअखेरच्या, म्हणजे साधारण पौष ते फाल्गुनातल्या तारखेला 79. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सनात, 590 किंवा 591. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर तो अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन 1174, म्हणजे इसवी 1773-74.

त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पैठणच्या तीर्थोपाध्यायांकडे जाताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगा. त्यांच्या नामावळीतल्या, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवहीतल्या, वरच्या पिढ्या यात्रेकरूनं आठवून सांगितलेल्या असतात. त्या खतांशी ताडल्याशिवाय वंशावळीत शाईनं लिहू नका.